नाचता नाचता पोटुशी



माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या दिव्याखाली झाले. मेक्सिकोतल्या आमुसगो लोकांच्या मुलखातल्या कोड्यांवर हा काय बोलणार, अशी शंका कुणाला आली असेल तर ती रास्तच आहे.

हे लोक गेरेरो आणि ओआहाका प्रांतांच्या सीमेवर राहतात. भाषा सुरांची, सूर वर-खाली झाला की शब्दाचा अर्थ पालटतो. अशा भाषेतले कोडे स्पॅनिशमध्ये नेले की निम्मे वाटेतच सांडते. म्हणून २००४ साली त्यांनी आपल्या बोलीचे रेडिओ केंद्र काढले, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

त्यांच्या बायका मागाचे एक टोक झाडाला बांधतात, दुसरे स्वतःच्या कमरेला. कापूस मूळचाच तपकिरी. चातीचे टोक छोट्या वाडग्यात टेकवून ती बोटांनी गरगर फिरवायची. नाउआ लोकांतही कताई अशीच चाले. सोळाव्या शतकात साहागून नावाच्या स्पॅनिश धर्मोपदेशकाने त्या नाउआंची कोडी लिहून ठेवली. त्यांतले एक विचारते की, नाचण्याच्या जागीच जिला दिवस जातात, ती कोण? उत्तर चाती. वाडगा हे नाचाचे अंगण. ती फिरते, सूत गुंडाळले जाते आणि पोट वाढत जाते.

कोडी म्हणजे रिकामपणची करमणूक, असे शिकलेले लोक म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याने सूत हाताळले नाही, त्याला हे कोडे सुटायचे नाही.

इचलकरंजीला एकदा कांडी भरणाऱ्या बायकांच्या मजुरीची बोलणी अडली होती. समोर मालक, वकील, हिशेबनीस. मी हेच कोडे टाकले. कुणी म्हणाले पृथ्वी, कुणी म्हणाले ढग. वकीलसाहेबांनी तर 'मोर' सांगितले. मोर पोटुशी कसा राहील, देव जाणे! दाराशी उभी असलेली एक म्हातारी पदर सावरत म्हणाली, "दादा, कांडी की!" आणि लगेच, "बाळंतपण मागावर हुतंय. सुईणी आम्हीच."

कांडीचा दर ठरवायला बसलेल्यांपैकी एकालाही कांडी दिसली नव्हती.

त्या दिवशी दर ठरला नाही. पुढची बैठक मात्र आम्ही कांडीच्या खोलीत घ्यायला लावली.