अधिकारपत्राचा पत्ता

राजदूत आपले अधिकारपत्र राष्ट्रप्रमुखाच्या हाती देतो. त्याच्या जागी काम पाहणाऱ्या कार्यभारी दूताचे पत्र परराष्ट्रमंत्र्याकडे जाते. १९६१ च्या व्हिएन्ना करारातील हा भेद वरवर शिष्टाचाराचा वाटेल. परंतु ब्रह्मदेशात, म्हणजेच म्यानमारमध्ये, १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावली आणि या भेदाला धार आली. नवा राजदूत धाडावा, तर सेनापतीलाच राष्ट्रप्रमुख मानल्यासारखे होणार! ब्रिटनने कार्यभारी दूतावर भागविण्याचे ठरविले. परिणामी जुलै २०२२ मध्ये त्याच्या प्रतिनिधीला तो देश सोडावा लागला. भारताने मात्र राजदूत नेमणे चालू ठेवले. सोळाशे त्रेचाळीस किलोमीटरची सामाईक सीमा असलेल्या शेजाऱ्याला अबोला परवडत नाही. तत्त्व राखावे की संवाद, याचे उत्तर अखेर त्या पत्रावरील पत्त्यातच वाचावे लागते.