जादा तासाला दुप्पट दाम



आज आम्ही तुमच्याशी घामाच्या हिशेबाविषयी बोलणार आहोत.

आपल्या गावातली कितीतरी माणसे शेतातले काम सरले की कारखान्याची वाट धरतात. कुणी सूतगिरणीत जातो. कुणी ठेकेदाराच्या हाताखाली राबतो. सुटायची वेळ होते, तोच मुकादम येतो. म्हणतो, "आज दोन तास जास्त थांब." माणूस थांबतो. चार पैसे जास्त मिळतील म्हणून थांबतो. पण ते चार हवेत की आठ, हे त्याला ठाऊक नसते.

आमच्या रात्रीच्या वर्गाला असेच एक भाऊ येत. ते म्हणाले, "आम्हाला ओव्हरटाइम मिळतो की! दहा तास भरले तर दहा तासांचे पैसे मिळतात."

आम्ही म्हणालो, "चला, फळ्यावर मांडून पाहू."

भाऊंचा आठ तासांचा रोज होता ६४० रुपये. म्हणजे एका तासाचे ८० रुपये. ते दिवसाला दहा तास काम करीत. जेवणाची सुट्टी यात धरलेली नाही. सहा दिवसांचे झाले ६० तास.

आता कायदा पहा. आपल्या महाराष्ट्रात कारखान्यातल्या कामगाराचा आठवडा ४८ तासांचा. ६० मधून ४८ गेले, उरले १२. हे झाले जादा तास. जादा तासाची मजुरी दुप्पट दराने द्यायची, असा कायदा आहे. मग हिशेब असा होतो :

४८ तास, दर ८० रुपये : ३,८४० रुपये
१२ तास, दर १६० रुपये : १,९२० रुपये
एकूण : ५,७६० रुपये

भाऊंच्या हाती पडत होते ४,८०० रुपये. दर आठवड्याला ९६० रुपये कमी! भाऊ फळ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे दर आठवड्याला माझा दीड रोज गेला की हो!"

मंडळी, हा हक्क आपल्याला आयता मिळालेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी माणसे उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत. आठवड्याची सुट्टीही नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र केले. १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. १९४६ साली आठवडा ४८ तासांवर आला. त्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडले होते. १९४८ च्या कारखाना कायद्यात दुप्पट दर लिहिला गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतही दुप्पट दर कायम आहे.

आणखी चार गोष्टी ध्यानात धरा.

पहिली : जादा काम तुमच्या संमतीनेच. जबरदस्ती चालत नाही.

दुसरी : दिवसाचे कामाचे तास कारखान्याच्या फलकावर लिहिलेले असतात. ते वाचा. जादा तास दिवसावरून मोजले तर जास्त भरतात की आठवड्यावरून, ते पहा. कामगाराच्या फायद्याचा हिशेब धरावा, असे कायदा सांगतो.

तिसरी : पगाराची पावती मागून घ्या. ती देणे मालकावर बंधनकारक आहे.

चौथी : ठेकेदाराने मजुरी बुडवली, तर ती देण्याची जबाबदारी कारखान्याच्या मालकावर येते. मागची बाकी राहिली असेल, तर तीन वर्षांच्या आत दावा करता येतो.

तुम्ही म्हणाल, "हे बोलायला ठीक आहे. पण तोंड उघडले तर उद्या कामावर कोण घेईल?" ही भीती खोटी नाही. आमच्या भाऊंनाही ती होती. म्हणून ते एकटे गेले नाहीत. आधी त्यांनी दोन महिने वही लिहिली. बरोबरच्या गड्यांनाही लिहायला लावली. मग सगळे मिळून ठेकेदाराकडे गेले. भांडले नाहीत. वह्या पुढे ठेवल्या. ठेकेदार आधी रागावला. पण तारीखवार लिहिलेले तास त्याला पुसता येईनात. पुढच्या पगारापासून दुप्पट दर सुरू झाला. मागच्या बाकीसाठी त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी कामगार खात्याच्या कचेरीत अर्ज दिला. तो अर्ज भाऊंनी स्वतःच्या हाताने लिहिला.

तेव्हा आज घरी गेलात की एक वही घ्या. चार रकाने आखा : तारीख, आत गेलो, बाहेर आलो, मधली सुट्टी. रोज रात्री झोपण्यापूर्वी भरा. आठवड्याच्या शेवटी बेरीज करा. त्यातून ४८ वजा करा.

काल आपण न वाचता अंगठा उठवीत होतो. आज आपल्याला अक्षर आले, आकडा आला. आता हजेरीवर आणि पगाराच्या कागदावर आधी नजर फिरवा. हिशेब जुळला, तरच सही करा.