अठरा मिनिटांत काय मावते?

मराठी वक्त्याला अठरा मिनिटे दिली, तर पाच मिनिटे अध्यक्ष, आयोजक आणि सुजाण श्रोत्यांचे आभार मानण्यात जातील, पाच प्रास्ताविकात, आणि उरलेल्या आठात ‘वेळेअभावी’ हा शब्द चारदा येईल. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. व्याख्यान म्हणजे तास-दीड तासाचा मामला, हे आपल्याकडे कधीच ठरून गेले आहे. त्यामुळे अठरा मिनिटांत मेंदू, महासाथ किंवा शाळांचे भवितव्य उलगडून दाखवणाऱ्या टेड व्याख्यानांकडे मराठी श्रोता आधी कुतूहलाने पाहतो आणि मग जरा संशयाने. दोन्ही रास्तच आहे.

या प्रकाराची सुरुवात १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे गावी झाली. रिचर्ड सॉल वुर्मन नावाच्या वास्तुरचनाकाराने हॅरी मार्क्स यांच्यासोबत टेड नावाची परिषद भरवली. तंत्रज्ञान, करमणूक आणि रचना या तीन क्षेत्रांतल्या माणसांना एका मंचावर आणायचे, एवढाच बेत होता. सोनीची कॉम्पॅक्ट डिस्क आणि ॲपलचा नवाकोरा मॅकिन्टॉश तिथे दाखवले गेले; बेन्वा मँडलब्रॉ यांनी आपल्या फ्रॅक्टल भूमितीविषयी सांगितले. हिशेब मात्र तोट्यात गेला. दुसरी परिषद भरायला १९९० उजाडले. पुढची अनेक वर्षे हा श्रीमंतांचा, निमंत्रितांचा मेळावाच होता. २००१ मध्ये ख्रिस अँडरसन यांच्या संस्थेने तो विकत घेतला आणि जून २००६ मध्ये सहा व्याख्याने इंटरनेटवर मोफत ठेवली. पैसे मोजून ऐकायची गोष्ट फुकट वाटली, तर पैसे देणारे येतील का, ही शंका खोटी ठरली.

त्या सहांत हान्स रोसलिंग होते. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत जागतिक आरोग्य शिकवणारा हा डॉक्टर तरुणपणी मोझांबिकमध्ये काम करून आलेला. आपल्या विद्यार्थ्यांना त्यांनी देशांच्या पाच जोड्या दिल्या होत्या: श्रीलंका की तुर्कस्तान, पोलंड की दक्षिण कोरिया, अशा. प्रत्येक जोडीत एका देशातले बालमृत्यूचे प्रमाण दुसऱ्याच्या दुप्पट. तो देश ओळखायचा. डोळे मिटून बोट ठेवले तरी पाचातली सरासरी अडीच उत्तरे बरोबर यायला हवीत. हुशार स्वीडिश विद्यार्थ्यांची सरासरी आली १.८. चिंपांझी जिंकले असते, असे रोसलिंग म्हणाले आणि सभागृह हसले. त्या हसण्यातच पुढच्या मुद्द्याची जागा तयार झाली. मुलांचे अज्ञान हा खरा प्रश्न नव्हता, मनात घट्ट बसलेला पूर्वग्रह होता.

मग पडद्यावर रंगीत फुगे आले. एक फुगा म्हणजे एक देश, फुग्याचा आकार म्हणजे लोकसंख्या. आडव्या अक्षावर दर बाईमागे मुले, उभ्या अक्षावर आयुर्मान. १९६२ पासून वर्षे सरकू लागली आणि रोसलिंग क्रिकेटच्या धावत्या समालोचनासारखे बोलत सुटले. चीन वर चालला, बांगलादेशाने वळण घेतले. शेवटी त्यांनी फक्त दोन फुगे ठेवले, अमेरिका आणि व्हिएतनाम. २००३ च्या व्हिएतनामचे कुटुंब आणि आयुर्मान १९७४ च्या अमेरिकेइतके झालेले दिसले. आकडे संयुक्त राष्ट्रांकडे आधीपासून पडून होते. रोसलिंग, त्यांचा मुलगा आणि सून यांनी ते हलते केले, इतकेच. ते सॉफ्टवेअर पुढे गूगलने घेतले.

हेच रोसलिंग २००९ मध्ये म्हैसूरच्या टेड परिषदेत आले. तिथे त्यांनी १९७२ ची आठवण सांगितली. बंगळुरूत शिकायला आलेल्या या स्वीडिश विद्यार्थ्याला वर्गातल्या भारतीय मुलांचे ज्ञान पाहून वाटले, आपण चुकून वरच्या वर्गात बसलो. पूर्वग्रहावर बोलण्याचा अधिकार त्यांनी असा स्वतःच्या फजितीतून मिळवला होता.

अठरा मिनिटांत उत्तम मावते ते हे: डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट. मेंदूची अभ्यासक जिल बोल्टी टेलर हिने २००८ मध्ये मंचावर खरा मानवी मेंदू आणला आणि स्वतःला झालेल्या पक्षाघाताची हकिकत सांगितली. बिल गेट्स यांनी २००९ मध्ये मलेरियावर बोलताना बरणी उघडून सभागृहात डास सोडले. ते निरोगी आहेत, हे जरा थांबून सांगितले. ही युक्ती टेडची नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी १८२० च्या दशकात शुक्रवारच्या संध्याकाळची व्याख्याने रुजवली, तेव्हापासून तिथे टेबलावर प्रयोग मांडूनच बोलतात. १८९७ च्या जानेवारीत जगदीशचंद्र बोस तिथे उभे राहिले, ते आखूड विद्युतलहरींचे आपले उपकरण घेऊनच. फरक इतकाच, की शुक्रवारचा वक्ता तासभर बोलतो.

दाखवता येते ते मावते. मावत नाही ते ‘याची खात्री कितपत?’ हे कलम. तेव्हा हार्वर्डमध्ये असलेल्या सामाजिक मानसशास्त्रज्ञ एमी कडी यांचे २०१२ मधले व्याख्यान त्याचे चांगले उदाहरण आहे. कमरेवर हात ठेवून, छाती काढून दोन मिनिटे उभे राहा, शरीरातली संप्रेरके बदलतात, धीर येतो, असा त्याचा गाभा. जगभर कोट्यवधी लोकांनी ते पाहिले. मुलाखतीआधी स्वच्छतागृहात जाऊन तसे उभे राहणारे उमेदवारही निघाले. त्यामागचा २०१० चा अभ्यास ४२ जणांवर झालेला होता. २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी २०० जणांवर तोच प्रयोग केला. लोकांना आपण बलवान असल्याचे वाटले खरे, पण संप्रेरके जागची हलली नाहीत. २०१६ मध्ये मूळ शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका डॅना कार्नी यांनी हा परिणाम खरा आहे असे आपण आता मानत नाही, असे जाहीर केले. कडी यांनी धीर वाटण्याच्या मुद्द्याचा किल्ला लढवत ठेवला. वाद विज्ञानात होतातच, तसाच हा. मात्र व्याख्यान पाहिलेल्यांपैकी फार थोडे त्या वादापर्यंत पोचले असणार. व्हिडिओला पाय फुटतात, दुरुस्तीला फुटत नाहीत.

आपल्या जवळचे प्रकरण सुगत मित्र यांचे. एनआयआयटीत काम करणाऱ्या मित्र यांनी १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजीत, कार्यालय आणि झोपडपट्टी यांच्यामधल्या भिंतीत संगणक बसवला. शिकवायला कोणी नाही. मुले आपापली शिकली, ही गोष्ट ते फार सुरेख सांगतात. तमिळनाडूतल्या कलिकुप्पममध्ये मुलांना जैवतंत्रज्ञानाचा मजकूर इंग्रजीत देऊन ते निघून गेले. काही महिन्यांनी मुलांचे गुण शून्यावरून तिसावर गेले. मग एका हिशेबनीस तरुणीला त्यांनी फक्त मागे उभे राहून कौतुक करायला सांगितले, आणि गुण पन्नासावर गेले. २०१३ मध्ये मित्र यांना टेडचे दहा लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले. त्यातून भारतात पाच आणि इंग्लंडमध्ये दोन शिक्षण-केंद्रे उभी राहिली. त्यांतले एक सातारा जिल्ह्यातल्या फलटणमध्ये होते.

पण टाळ्यांच्या आधीही कोणी भिंतीपाशी जाऊन पाहिले होते. संशोधक मार्क वॉर्शाउअर यांनी दिल्लीतल्या संगणकांविषयी लिहिले, की हिंदीतला मजकूर नव्हता, इंटरनेट क्वचितच चाले आणि मुलांचा बराच वेळ खेळ आणि चित्रे काढण्यात जाई. पायल अरोरा यांनी २०१० मध्ये उत्तराखंडातल्या अशाच दोन ठिकाणांविषयी शोधनिबंध लिहिला; दोन्हीकडचे संगणक बंद पडले होते. मित्र खोटे बोलत होते, असा याचा अर्थ नाही. तिसाचे पन्नास करणारी ती तरुणी त्यांनीच आपल्या गोष्टीत आणली. पण श्रोत्याच्या लक्षात राहिली ती भिंत. मागे उभी राहिलेली माणसे नाहीत. आणि शाळा चालवायच्या तर पगार नेमका त्या मागे उभ्या राहणाऱ्या माणसाला द्यावा लागतो. आपल्या झेडपीच्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको.

दोष अठरा मिनिटांना देण्यात अर्थ नाही. दीड तासातही भंपकपणा भरपूर मावतो, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. अडचण वेगळी आहे. टेडचा वक्ता महिनोन्महिने तालीम करून येतो, समोर उलटे मोजणारे घड्याळ असते, आणि शेवटी बहुधा प्रश्नोत्तरे नसतात. गावच्या व्याख्यानमालेत शेवटच्या रांगेतून उठणारे, प्रश्नाच्या नावाखाली स्वतःच व्याख्यान देणारे निवृत्त गृहस्थ कंटाळवाणे असतील; पण ‘हे आकडे कुठून आणले?’ असे विचारायची सोय त्यांच्यामुळेच टिकून आहे.

काही छोटी व्याख्याने मात्र तपासणी श्रोत्याच्याच हातात देतात. अरविंद गुप्ता कानपूरच्या आयआयटीतून अभियंता होऊन पुण्यात टेल्कोत लागले. १९७८ मध्ये ते होशंगाबादच्या ग्रामीण विज्ञान-शिक्षण प्रकल्पात गेले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या जोडून त्यांनी भूमिती शिकवली. नंतर पुण्याच्या आयुका संस्थेतल्या विज्ञानकेंद्रात त्यांनी वर्षानुवर्षे टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली. डिसेंबर २०१० मध्ये लवासाच्या परिषदेत त्यांनी दिलेले व्याख्यान टेडच्या संग्रहात आहे. त्यात ते काड्यांचा चौकोन ढकलतात, तो तिरका होतो. त्रिकोण ढकलतात, तो हलत नाही. विश्वास ठेवायचा नसेल, तर ट्यूबचा तुकडा कोपऱ्यावरच्या सायकल दुकानात मिळतो. बाकीच्या खेळण्यांच्या कृती त्यांनी आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेवल्या आहेत, मराठीतूनसुद्धा.