भाग २३ : ड्रॉप कर रे!

कानात इअरफोन, खांद्याला सॅक आणि समोर न येणारी बस, अशा अवस्थेत ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत. जे ऐकण्याऐवजी हे वाचतायत त्यांचंही. बोललेलं जवळपास तसंच उतरवलंय, त्यामुळे मध्येच ‘म्हणजे’, ‘बघा’ जास्त झाले तर चालवून घ्या.

आजचा विषय छंद. पण तुमचा नाही, तुमच्या मित्राचा. त्याला काय करायला आवडतं, आणि ते करताना तुम्ही त्याच्या शेजारी किती वेळ बसता?

मी हे का विचारतोय सांगतो. बीटेक संपून मला सहा वर्षं झाली. हॉस्टेलवर आम्ही अकरा जण होतो. व्हॉट्सॲप ग्रुप अजून आहे, पण त्यात काय असतं? वाढदिवसाचा केक, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आणि ‘भेटू रे एकदा’. ते ‘एकदा’ काही उजाडत नाही. त्या अकरातले दोघं मात्र माझ्या आयुष्यात जिवंत आहेत. आम्ही तिघं काही फार भावनिक माणसं नाही. एक जण ड्रम बनवतो, एक जण गेम खेळतो आणि मी दोघांच्या हाताखाली असतो, एवढंच.

खरी नावं सांगत नाही. एकाला म्हणू पेटीवाला. पेटी म्हणजे बाजाची पेटी नव्हे हं. हा काहोन बनवतो. काहोन म्हणजे ज्यावर बसून वाजवतात तो लाकडी खोका. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थच खोका किंवा खण. हे वाद्य पेरूचं. स्पॅनिश लोकांनी गुलाम म्हणून तिथे नेलेल्या आफ्रिकन माणसांनी मालाच्या खोक्यांवर ताल धरला, त्यातून ते घडलं. पुढे १९७० च्या दशकात पाको दे लुसिया या गिटारवादकाने ते पेरूत ऐकलं आणि स्पेनला नेलं. आज फ्लॅमेंको म्हटलं की काहोन आलाच.

आमचा पेटीवाला पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो बनवतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून प्लाय आणायचा. चार बाजूंना १२ मिलिमीटरचा जाड प्लाय, पुढच्या वाजवायच्या फळीला जेमतेम ३ मिलिमीटरचा. साधारण ३० बाय ३० सेंटिमीटरचा पाया, उंची ४८ च्या आसपास, मागच्या बाजूला गोल भोक. आतून फळीला टेकलेल्या गिटारच्या जुन्या तारा. थाप मारली की त्या चर्र करतात. पुढची फळी वरच्या कोपऱ्यांना चिकटवायची नाही, नुसते स्क्रू. ते किंचित सैल केले की कोपऱ्यावर मारलेली चापट टणटणीत वाजते.

आणि ते भोक का, तर रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून बघा. घुमतं ना? तेच गणित. आतली हवा स्प्रिंगसारखी हलते. खोका मोठा केला तर आवाज खाली जातो, भोक मोठं केलं तर वर चढतो. चार वर्षं इंजिनिअरिंग करून मला हे पार्किंगमध्ये कळलं.

दुसरा आमचा कप्तान. तो बेंगळुरूला असतो आणि काउंटर-स्ट्राइक खेळतो. खेळतो म्हणजे कॉल देतो. कोण कुठून जाणार, धूर कुठे टाकायचा, कधी थांबायचं, हे सगळं तो बोलतो आणि आम्ही करतो. हा गेमही छंदातूनच जन्मलाय बरं का. १९९९ मध्ये मिन ली आणि जेस क्लिफ या दोघांनी हाफ-लाइफ या दुसऱ्याच गेमवर फावल्या वेळात केलेला हा मॉड. आज त्याच्यावर स्टेडियम भरतात.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पाच विरुद्ध पाच. एकदा मेलात की ती फेरी संपेपर्यंत फक्त बघायचं. बॉम्ब लावला की ४० सेकंद. तो निकामी करायला १० सेकंद, किट असेल तर ५. पण खरी मजा पैशांत आहे. सुरुवातीला प्रत्येकाला ८०० डॉलर मिळतात, आणि एके-४७ ची किंमत २,७००. हरत गेलात की खिसा रिकामा. मग अख्खी टीम एक फेरी काही विकत न घेता काढते, पुढच्या फेरीसाठी पैसे साठवायला. त्याला इको म्हणतात. आणि एखाद्याकडेच पैसे नसतील तर? मित्राला पैसे पाठवायची सोयच गेममध्ये नाही. तुम्ही बंदूक विकत घ्यायची आणि त्याच्या पायाशी टाकायची. त्याला म्हणतात ड्रॉप. ‘भावा, ड्रॉप कर ना’ हे वाक्य आम्ही हजारदा तरी बोललो असू. मागणाऱ्याला लाज वाटत नाही, देणारा हिशोब ठेवत नाही. त्याच्या हातात बंदूक असली तर टीमचाच फायदा असतो.

आता मुद्द्यावर येतो. हे सांगायला पेटीवाल्याची परवानगी घेतली आहे.

गेल्या वर्षी एका रविवारी आम्ही पार्किंगमध्ये खोका चिकटवत होतो. फेविकॉल लावला, क्लॅम्प आवळले. एक बाजू नीट बसत नव्हती म्हणून मी ती दोन्ही हातांनी दाबून धरली होती. तो कापडाने बाहेर आलेला गोंद पुसत होता. पुसता पुसता म्हणाला, “मला काढलं. तीन आठवडे झाले.”

कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की तीन आठवडे तो रोज सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन रूमवरून निघत होता. घरी सांगितलं नव्हतं, कारण बहिणीचं लग्न दोन महिन्यांवर होतं. मला तरी कधी सांगितलं? तर दोघांचे हात गुंतलेले असताना, माझ्याकडे न बघता. मी त्याला कॉफीला बोलावून ‘कसं चाललंय?’ विचारलं असतं ना, तर ‘मस्त’ म्हणाला असता. मी हात काढला नाही. म्हटलं, “बरं. भाड्याचं काय?” तो म्हणाला, “बघू.” मग आम्ही बराच वेळ त्या फळीबद्दलच बोललो.

रात्री गेम होता. तिसऱ्या-चौथ्या फेरीत तो हेडसेटवर म्हणाला, “कप्तान, या महिन्यात माझा इको आहे.” कप्तानाला वाटलं गेमबद्दल बोलतोय. म्हणाला, “अरे, तुझ्याकडे चार हजार दिसतायत.” पेटीवाला म्हणाला, “गेममध्ये नाही रे.”

दोन सेकंद कुणीच काही बोललं नाही. मग कप्तानाने नेहमीच्याच आवाजात विचारलं, “काय ड्रॉप करू?”

मला अजून वाटतं, तो प्रश्न दुसऱ्या कुठल्या भाषेत विचारता आला नसता. ‘पैसे हवेत का?’ म्हटलं असतं तर उत्तर ‘नको’ हेच होतं. पण ड्रॉपचा नियम तिघांनाही पाठ होता: पैसे द्यायचे नाहीत, वस्तू पायाशी टाकायची. कप्तानाने भाडं सरळ घरमालकाच्या खात्यात भरलं. मी महिन्याचा किराणा आणि प्लायची एक शीट टाकली. प्लाय का, तर त्याचे हात चालू राहायला हवे होते. बहिणीच्या लग्नाआधी घरी सांगायचं की नाही, हे आम्ही त्याच्यावर सोडलं. त्याने सांगितलं. वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “तो खोका लग्नात आण.”

अजून एक गोष्ट गेमने शिकवली. टीममधले चौघं मेलेत आणि एकटा उरलाय, समोर तिघं, याला क्लच म्हणतात. तेव्हा मेलेल्यांनी तोंड बंद ठेवायचं. ‘डावीकडे बघ, अरे मागे!’ असं ओरडलं की त्याला समोरच्याच्या पावलांचा आवाजच येत नाही. त्याच्या मुलाखती सुरू झाल्या तेव्हा आम्ही तेच केलं. लिंक नाहीत, टिप्स नाहीत, ‘काय झालं रे?’ नाही. तो स्वतःहून बोलेल तेव्हा ऐकायचं. नोकरी लागायला चार महिने लागले, पगार आधीपेक्षा कमी. पण लागली.

आता काही जण म्हणतील, हे सगळं ठीक, पण मला गेममध्ये रस नाही किंवा सुतारकाम जमत नाही. बघा, मलाही जमत नाही. मी आजही पहिल्या वीस सेकंदांत मरतो आणि माझी थाप तालात पडली तर पेटीवाला टाळ्या वाजवतो. त्याने काही बिघडत नाही. मित्राच्या छंदात आपल्याला पटाईत व्हायचं नसतं. कुणीतरी फळी धरायला लागतं, पाचवा खेळाडू लागतो. उलट, जो माणूस ऑफिसात दिवसभर बोलणी खातो, तो इथे तुम्हाला काहीतरी शिकवत असतो. तेव्हाचा त्याचा चेहरा बघा कधीतरी.

तर या आठवड्याचं काम. ‘भेटू एकदा’ म्हणू नका. एका मित्राला विचारा, “तू हल्ली काय करतोयस? मी येऊन बसू का?” मग तो बाइक उघडत असेल, ढोलाची दोरी ताणत असेल, माशांची टाकी धुवत असेल, जे असेल ते. पाना धरा, दोरी ओढा, पाणी भरा. लगेच खोल प्रश्न विचारू नका. गोंद वाळायला वेळ लागतो.

काय काय झालं ते मला व्हॉइस नोट पाठवून सांगा. पुढच्या भागात पेटीवाला स्वतः येतोय, खोका घेऊन. आवाज थोडा कमी करून ऐका, शेजारचे काका झोपलेले असतील. भेटू!