कामाचे तास आणि कडेवरचे मूल



माझे माहेर शिरूर कासार तालुक्यातले. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरे कुलूप लावून कारखान्याच्या वाटेला लागायची. आईवडील मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली, त्यामुळे मागे राहण्याची सोय नव्हती. वडील ऊस तोडत, आई मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेई. माझा भाऊ तेव्हा दीड वर्षाचा. त्याला सांभाळायला मी. वय वर्षे नऊ. शाळेचे दोन हिवाळे मी फडाच्या बांधावर काढले.

हे आज आठवायचे कारण म्हणजे एक प्रश्न. घरून काम करणाऱ्याने पगाराच्या वेळेत आपले मूल सांभाळावे का? २०२०च्या टाळेबंदीत तो बीडपर्यंत येऊन पोहोचला. त्या एप्रिलमध्ये कारखान्यांवर अडकलेले ऊसतोड मजूर गावी परतत होते आणि पुण्याहून आलेली मुले लॅपटॉप घेऊन गच्चीवर रेंज शोधत होती. मीही त्यांतलीच. पुण्यातल्या एका कंपनीच्या हिशेबाचे काम, सकाळी नऊ ते सहा. पदरात दोन वर्षांचा मुलगा. पती बँकेत, त्यांची शाखा सुरूच होती. (मूल कोण सांभाळते, असे त्यांना कोणी विचारले नाही, हे जाता जाता सांगते.)

सुरुवातीला वाटले, दोन्ही जमेल. एक दिवस मुलगा मांडीवर असताना मी एकच बिल दोनदा चढवले. ते निस्तरायला कार्यालयातली एक सहकारी रात्री अकरापर्यंत बसली. ती मला काही बोलली नाही. तेच जास्त लागले.

मग भावाची मुलगी राहायला आली. अकरा वर्षांची, समजूतदार. 'आत्या, मी बघते त्याला,' म्हणाली. शाळा बंद, तिचा वर्ग मोबाइलवर. एका दुपारी पाणी प्यायला उठले, तर मोबाइलमध्ये बाई शिकवताहेत आणि आवाज पूर्ण बंद. माझ्या मीटिंगला त्रास नको म्हणून पोरीनेच तो बंद केला होता. माझा मुलगा तिच्या कडेवर. ज्या भावाला मी बांधावर सांभाळले, त्याचीच ही लेक.

संध्याकाळी आईला फोनवर सांगितले. ती म्हणाली, 'आम्हाला टनाचे पैसे होते. तुझ्या भावाला पाजायला बसले तर माझाच ऊस कमी भरायचा. मुकादमाचं काय जात होतं? तुला तर तासाचा पगार. मग सांग की साहेबाला.'

आईने नेमके बोट ठेवले. काम मोजून पैसे मिळत असतील, तर मधला वेळ आपला. नुकसान झाले तर तेही आपले. तास मोजून पैसे मिळत असतील, तर मालकाला अंधारात ठेवणे मला पटत नाही. शाळकरी मूल त्याच खोलीत अभ्यास करत बसले, तर कोणाचे काही बिघडत नाही. तापाने फणफणलेल्या मुलाजवळ आई दिवसभर बसली, तर तेही कोणी मोजू नये. पण दोन वर्षांचे मूल आणि आकड्यांचे काम रोज एकाच माणसाकडून होत नाही. ते होते असे दिसते, तेव्हा घरातली एखादी मुलगी त्याची किंमत मोजत असते.

कायद्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. २००५च्या रोजगार हमी कायद्यात तरतूद होती, की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले सोबत असतील, तर मजूर बायांपैकी एकीला त्यांच्याकडे बघायला नेमावे आणि तिला मजुरीच्या दराने पैसे द्यावेत. म्हणजे मूल सांभाळणे हेही काम, असे सरकारी कागदावर मान्य झाले होते. २०१७च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. जानेवारी २०२४मध्ये ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती हवीच होती. पण दर टनाचाच. फडात पाळणाघर मी आजवर पाहिलेले नाही.

मी साहेबांना फोन करून सगळे सांगितले. दुपारचे दोन तास सुट्टी द्या, रात्री भरून काढते, म्हटले. उत्तर आले, मूल सांभाळायचे असेल तर रजा घ्या. रजा पंधरा दिवसच शिल्लक होती. ती घेतली. त्या पंधरा दिवसांत गल्लीतल्या एका बाईंशी बोलून, माझ्या पगारातून त्यांचा पगार ठरवला आणि भाचीला तिच्या वर्गात परत बसवले.

त्या बाई येताना आपली तीन वर्षांची मुलगीही सोबत आणायच्या. आधी दोन दिवस त्यांनी भीत भीत विचारले, चालेल का? दोन्ही पोरे अंगणात एकत्र खेळायची आणि मी आत बिले चढवायची, एकेकदाच.