शाळेतून संसदेत: लिंडा बर्नी

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात व्हिटन नावाचं छोटं गाव आहे. विराजुरी या आदिवासी समाजातल्या लिंडा बर्नी तिथल्या. जन्म १९५७चा. आजीच्या पिढीतल्या नातलगांनी त्यांना वाढवलं. वडिलांची पहिली भेट झाली ती थेट १९८४ मध्ये!

बॅथर्स्टच्या मिचेल कॉलेजातून शिक्षिका होऊन बाहेर पडलेल्या त्या पहिल्या आदिवासी पदविकाधारक. पश्चिम सिडनीतल्या सरकारी शाळेत त्यांनी शिकवलं, पुढे आदिवासी मुलांच्या शिक्षणाचं धोरण ठरवण्याच्या कामात त्या पडल्या. माझ्या मते त्यांचं राजकारण खरं इथेच सुरू झालं; मतपेटी नंतर आली.

२००३ मध्ये त्या राज्याच्या विधिमंडळात निवडून आल्या. २०१६ मध्ये मजूर पक्षातर्फे बार्टन मतदारसंघ जिंकून संघीय प्रतिनिधीगृहात पोहोचलेल्या त्या पहिल्या आदिवासी महिला ठरल्या. पहिल्या भाषणाला त्या कांगारूच्या कातड्याची शाल पांघरून उभ्या राहिल्या आणि सभागृहाच्या सज्जातून विराजुरी भाषेतलं गाणं घुमलं.

२०२२ मध्ये त्या आदिवासी व्यवहार मंत्री झाल्या. आदिवासींना संसदेपुढे मत मांडणारी सल्लागार संस्था राज्यघटनेतून मिळावी, यासाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये सार्वमत झालं. त्याची धुरा त्यांच्याकडे होती. सुमारे साठ टक्के मतदार ‘नाही’ म्हणाले, सहाही राज्यांनी प्रस्ताव फेटाळला. पराभव मोठाच होता. जुलै २०२४ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. हे खातं मग मलार्न्डिरी मॅकार्थी यांच्याकडे गेलं. त्याही आदिवासी, पण पूर्वाश्रमीच्या पत्रकार.