रयतेचे महाविद्यालय



कॉलेज आधी आणि वसतिगृह मागाहून, असा आपला नेहमीचा समज. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजची कथा नेमकी उलट आहे. हे कॉलेज निघाले 1947 साली. त्याची चूल मात्र पुष्कळ आधीच पेटली होती.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 साली साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीस जेवत. ज्या काळी पाणवठे वेगळे होते, त्या काळातील ही गोष्ट आहे. 1927 साली महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली. पण व्याख्यानांनी मुलांची पोटे भरत नाहीत. ती भरण्यासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. खेड्यापाड्यांतील बायांनी दळणातून मूठ मूठ धान्य बाजूला काढले. रयतेच्या शिक्षणाचे पहिले भांडवल हे असे जमले.

पुढे 1940 साली सयाजीराव महाराजांच्या नावाने हायस्कूल झाले. आता मॅट्रिक झालेल्या मुलाने जावे कोठे? पुण्या-मुंबईचा खर्च कुळंबी बापाला झेपणारा नव्हता. म्हणून कॉलेजच त्याच्या दाराशी आणावे लागले. 1954 साली कराडास गाडगे महाराजांच्या नावाने दुसरे कॉलेज उघडले. आज संस्थेच्या शाखा सातशेहून अधिक आहेत.

या साऱ्याचा कणा म्हणजे 'कमवा आणि शिका'. मुलांनी शेतात राबावे, दगड फोडावेत, बांधकामावर खपावे आणि त्या मोबदल्यात शिकावे. यात दोन हेतू होते. एक, फीचा प्रश्न सुटावा. दुसरा, बी. ए. झालेल्या मुलाला बापाच्या हातांवरील घट्ट्यांची लाज वाटू नये. आमच्या मते दुसरा हेतू अधिक मोलाचा होता.

आणि येथेच आम्हाला थोडे स्पष्ट बोलावेसे वाटते. ही योजना पुढे विद्यापीठांनीही उचलली. पुणे विद्यापीठाच्या योजनेला तर कर्मवीरांचेच नाव आहे. परंतु जेथे केवळ गरिबाच्या मुलाने कुदळ धरावी आणि सुस्थितीतल्या मुलाने सावलीत बसून पाहावे, तेथे पहिला हेतू साधतो, दुसरा बुडतो. श्रमाची प्रतिष्ठा शिकवावयाची तर ती दोघांनाही शिकविली पाहिजे. एरवी ती सवलत होते, शिक्षण होत नाही.

भाऊराव 9 मे 1959 रोजी निवर्तले. त्यांचा पुतळा उभारणे सोपे आहे आणि आपण ते मन:पूर्वक केलेही आहे. आपल्या मुलाला आठवड्यातून एक तास शेजारच्या मुलाबरोबर मातीत उभे करणे, हे मात्र अवघड आहे. आज घरी गेल्यावर आपण सर्वांनी एवढाच प्रश्न स्वत:स विचारावा, की ते आपल्याने होईल काय?